एकाच गाडीच्या दोन टीम

आमच्या जिल्ह्यात मुलींच्या बास्केटबॉलचा ड्रॉ एसटीच्या वेळापत्रकावर निघायचा. सांगितलं की लोक हसतात, पण मी सटाण्याच्या कॉलेजकडून तीन वर्षं खेळले आणि त्यातली दोन वर्षं हे भोगलंय. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा नाशिकला व्हायची. सोळा टीम. आठ शहरातल्या, आठ बाहेरगावच्या. यजमान कॉलेजच्या स्पोर्ट्सच्या सरांच्या खोलीत जिल्ह्याचा मोठा नकाशा होता. सर त्या नकाशासमोर उभे राहायचे, बोटाने एकेक रस्ता धरायचे आणि त्या रस्त्यावरच्या दोन टीम पहिल्याच फेरीत एकमेकींसमोर टाकायचे. निफाड आणि येवला. हरसूल आणि त्र्यंबक. सटाणा आणि देवळा तर विचारायलाच नको, आमची गाडीसुद्धा एकच. देवळ्याच्या मुली आधी उतरतात, आम्ही अर्ध्या तासाने.

सरांचा हेतू वाईट नव्हता. शेजारच्या दोन टीम एकमेकींशी खेळल्या की एक हरणारच. हरलेली टीम दुपारच्या गाडीने घरी, जिंकलेली मुक्कामाला. म्हणजे बाहेरच्या आठांपैकी बरोबर चार टीम राहणार हे आधीच पक्कं. चार वर्गांत सतरंज्या टाकून ठेवल्या की झालं. शिवाय दुसऱ्या दिवशी प्रत्येक रस्त्याची एक टीम मैदानात असायची, त्यामुळे सगळ्या तालुक्यांना न्याय मिळाला असं सरांना वाटायचं. घरचेही खूश, पोरी दिवसाउजेडी परत येतात म्हणून. कोणाची तक्रार नव्हती.

माझी होती. विभागाच्या टीमसाठी मुली निवडणारे तिघं जण दुसऱ्या दिवशी सकाळी यायचे, आणि बाहेरगावच्या टीममध्ये दोनच टीम खरोखर तगड्या होत्या, आम्ही आणि देवळा. त्यातली एक निवडणारे यायच्या आधीच घरी गेलेली असायची. पहिल्या वर्षी आम्ही गेलो. दुसऱ्या वर्षी पुन्हा आम्हीच, तेही एका गुणाने. देवळ्याची सात नंबरची मुलगी, माझ्याच वयाची, माझ्यासारखीच गार्ड, म्हणजे बॉल पुढे नेणारी, तिने शेवटच्या क्षणी लांबून बॉल टाकला आणि तो गेला. चारच्या गाडीत मी खिडकीला डोकं लावून बसले आणि चांदवडपर्यंत कोणाशी बोलले नाही. माझी टीम घाबरून मला चिवडासुद्धा विचारेना.

मला राग पटकन येतो. आमच्या घराण्यातच आहे तो.

तिसऱ्या वर्षी मी कॅप्टन झाले. ते माझं शेवटचं वर्ष. पुढे बी.एड. करायचं ठरलेलं होतं, म्हणजे बॉल सुटला. मला एकदा, फक्त एकदा, विभागाच्या टीमचा टी-शर्ट घालायचा होता. तो घातला की पुढे लग्न करा, नोकरी करा, काय वाट्टेल ते करा, असं मी आईला सांगून टाकलं होतं. आई म्हणाली, आधी टी-शर्ट तर आण.

डिसेंबरात ड्रॉसाठी मीटिंग लागली. प्रत्येक टीमचे मॅनेजर आणि कॅप्टन. आमच्या मॅनेजर मॅडम मुळात भूगोलाच्या, शांत स्वभावाच्या. बसमध्येच त्यांनी मला बजावलं, "तिथे उगाच तोंड उघडू नकोस." मी हो म्हणाले, आणि मनापासून म्हणाले होते.

सरांच्या खोलीत खुर्च्या कमी पडल्या, आम्ही कॅप्टन मुली भिंतीला टेकून उभ्या राहिलो. देवळ्याची सात नंबर नव्हती, तिचं प्रॅक्टिकल होतं, त्यांचे मॅनेजर एकटेच आले होते. चहा झाला. सर नकाशासमोर गेले आणि पहिलंच बोट नाशिकहून वर वर नेत म्हणाले, "हं, तर सटाणा-देवळा नेहमीप्रमाणे."

"का?" मी म्हणाले.

मॅडमनी डोळे मिटले.

सर वळले. चिडले नाहीत, त्यांना खरंच नवल वाटलं होतं. "अगं, तुमच्याच सोयीसाठी. हरलेल्या मुलींना चारची गाडी मिळते."

"सर, म्हणजे सोय हरणाऱ्यांची. आम्ही काय चारची गाडी पकडायला येतो का नाशिकला? दोन वर्षं मला एकाही निवडणाऱ्याने खेळताना बघितलेलं नाही. वाईट खेळते म्हणून नाही, सटाण्याची गाडी देवळ्यावरून जाते म्हणून."

शहरातल्या एका मॅनेजरनी घसा खाकरला आणि परंपरा, शिस्त असं काहीतरी सुरू केलं. मी अजून काय बोलले असते देव जाणे, पण माझ्या शेजारून आवाज आला. हरसूलची कॅप्टन होती. काटक, सावळी, कोपरावर मोठ्ठा खरचटल्याचा डाग.

"सर, मी बोलू का?" ती म्हणाली. "आमची गाडी लय लवकर सुटते. आम्हाला मॅच सकाळी पायजे. समोर कोन हाय, त्याचं काय नाय."

सर तिच्याकडे बघत राहिले. मग नकाशाकडे. मग पुन्हा तिच्याकडे. इतकी वर्षं त्यांनी गाडी बघून समोरची टीम ठरवली होती. गाडी बघून फक्त मॅचची वेळ ठरवावी आणि समोर कोण ते चिठ्ठीने निघावं, हे त्यांच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. खरं सांगायचं तर माझ्याही नव्हतं. मी नुसती भांडायला आले होते, उपाय तिने दिला.

"आणि मुक्कामाला चाराच्या जागी सहा टीम राहिल्या तर?" त्या खाकरणाऱ्या मॅनेजरनी विचारलं.

"बघू," सर म्हणाले. त्यांनी टेबलावरचा चहाचा रिकामा थर्मास बाजूला केला, शिट्ट्या ठेवायचा स्टीलचा डबा उपडा केला आणि मलाच चिठ्ठ्या लिहायला बसवलं. एका रस्त्यावरच्या दोघी पहिल्या फेरीत समोर आल्या तर चिठ्ठी परत टाकायची, एवढा एकच नियम. मला इतका आनंद झाला होता की मी दोनदा येवला लिहिलं.

मग चिठ्ठ्या निघाल्या. देवळ्याला शहरातली साधारण टीम मिळाली. हरसूललाही बरी मिळाली. आमची चिठ्ठी मीच काढली, उघडली, आणि पुन्हा एकदा वाचली. यजमान कॉलेज. लागोपाठ तीन वर्षांचे चॅम्पियन. सरांची स्वतःची टीम.

सरांनी चिठ्ठी माझ्या हातातून घेतली आणि मिशीत हसले. "चारची गाडी मिळेल तुम्हाला," ते म्हणाले.

परत येताना मॅडम चांदवडपर्यंत माझ्याशी बोलल्या नाहीत. चांदवडला त्यांनी भेळ घेतली, अर्धी माझ्यापुढे धरली आणि म्हणाल्या, "बोललीस ते बरोबर बोललीस. आता पळवा पोरींना." आठ दिवस आम्ही इतकं पळालो की रात्री जेवताना घास हातात घेऊन झोप यायची. यजमान टीमच्या मुली उंच. उंचीचं आम्ही काही करू शकत नव्हतो. पण त्यांचं कोर्ट गुळगुळीत, रंगवलेलं, आणि आमचं सिमेंटचं, मध्ये भेग गेलेलं. त्या भेगेवर बॉल कुठेही उसळतो, त्यामुळे आमच्या सगळ्या मुलींना खाली वाकून, हात कायम बॉलच्या जवळ ठेवून खेळायची सवय. मी ठरवलं, यांना वर उडी मारूच द्यायची नाही. बॉल त्यांच्या हातात आला की लगेच दोघींनी अंगावर जायचं, संपूर्ण कोर्टभर, चाळीस मिनिटं.

पहिल्या दिवशी सकाळी थंडी अशी होती की बॉल हाताला दगडासारखा लागत होता. आठ वाजता हरसूलची मॅच होती. आम्ही शेकोटीला जावं तसं कोर्टला चिकटून उभ्या होतो आणि हरसूलसाठी घसा फोडत होतो. त्या मुली मातीच्या मैदानावर शिकलेल्या. गुळगुळीत कोर्टवर पहिली पाच मिनिटं नुसत्या घसरल्या, आणि मग त्या कॅप्टनने बूट काढून ठेवले. रेफ्री म्हणाले, असं चालत नाही. तिने परत घातले, पण तेवढ्यात सगळं मैदान हसलं आणि तिची टीम मोकळी झाली. सहा गुणांनी जिंकल्या त्या. गाडीची काळजीच मिटली, कारण आता त्या जाणारच नव्हत्या.

अकराला आम्ही. बाजूला त्या कॉलेजची सगळी पोरं ढोल घेऊन. पहिल्या भागात त्यांनी आम्हाला धुतलं. मग त्या दमायला लागल्या. मला दिसत होतं, त्यांच्या सगळ्यांत उंच पोरीचे, सेंटरचे, हात गुडघ्यांवर जात होते. तिसऱ्या भागात आमचा फरक चारवर आला आणि ढोल बंद पडला. मी माझ्या मुलींना ओरडून सांगत होते, आवाज गेला होता, तरी ओरडत होते. शेवटची दहा सेकंदं उरली तेव्हा त्या एका गुणाने पुढे होत्या आणि बॉलही त्यांचा, साइडलाइनवरून आत टाकायचा. नुसता धरून ठेवला असता तरी पुरलं असतं. आमच्या टीममध्ये फर्स्ट इयरची एक बुटकी मुलगी होती, जिला मी रोज शिव्या घालायचे. ती खालून शिरली, बॉलला नुसती बोटं लावली आणि बॉल घरंगळत माझ्याकडे आला. मी कोणाकडे बघितलं नाही. तीन ड्रिबल, ले-अप. बॉल आत गेला तो मला दिसलाच नाही, मॅडम किंचाळल्या ते ऐकू आलं. आमच्या शांत मॅडम.

मी त्या बुटकीला उचललं आणि गोल फिरवलं. ती म्हणत होती, ताई सोड, मळमळतंय.

पहिली फेरी संपल्यावर सर आले. त्यांची टीम हरली होती आणि ड्रॉ त्यांनीच बदलू दिला होता. मला वाटलं, आता ऐकावं लागणार. सर म्हणाले, "माझंच कॉलेज बाहेर काढलंस की गं." मग म्हणाले, "बाहेरच्या पाच टीम जिंकल्यात. वर्ग चार आहेत. पाचवी टीम कुठे झोपवू ते तूच सांग आता."

"आमची मी नेते," मी म्हणाले आणि आत्याला फोन लावला. आत्या इंदिरानगरला राहते, दोन खोल्यांचा फ्लॅट.

"किती जणी?" आत्या म्हणाली.

"दहा. आणि मॅडम."

"मॅडमना पलंग," आत्या म्हणाली. " तुम्ही खाली. आणि पोळ्या तुमच्या तुम्ही लाटायच्या, मी काय मेस उघडलेली नाही." आम्ही गेलो तर तिने पिठलं, ठेचा, भात सगळं करून ठेवलं होतं आणि सोसायटीत सांगून आली होती की आमची पोरगी चॅम्पियन लोकांना हरवून आलीय. पोळ्या मात्र खरंच आम्हालाच लाटायला लावल्या.

दुसऱ्या दिवशी मंडपात तीन खुर्च्या मांडलेल्या होत्या आणि त्यांत तीन माणसं बसलेली होती. तीन वर्षांत मी त्यांना पहिल्यांदा पाहत होते. पाय हलके झाले होते. सकाळची क्वार्टर फायनल आम्ही आरामात मारली. दुपारी फळ्यावर सेमीफायनलच्या जोड्या लिहिल्या आणि मी बघतच राहिले. सटाणा, देवळा. गाठ पडलीच शेवटी. पण आता भरल्या मैदानात, त्या तीन खुर्च्यांसमोर.

सात नंबरला मी स्वतः धरलं. म्हणजे धरायला गेले. वर्षभरात ती अजून तयार झाली होती. मी डावीकडे झुकले की ती उजवीकडून गेलेली, मी मागे सरले की तिथूनच तिने टाकलेला. देवळ्याचे जवळजवळ सगळे गुण तिचे एकटीचे. पण त्या वर्षी त्यांची बाकीची टीम नवीन होती आणि माझ्या पाचही जणी तयार होत्या. ती एक टाकायची, आम्ही दोन टाकायचो. आठ गुणांनी जिंकलो. दोन वर्षांनी देवळ्याला हरवलं. मी कोर्टच्या मधोमध आडवी पडले आणि आकाशाकडे बघत हसत सुटले. सात नंबरने हात देऊन मला उठवलं. "बरी खेळलीस," ती म्हणाली. तिच्या नाकाचा शेंडा लाल झाला होता.

तिसऱ्या दिवशी फायनल आम्ही शहरातल्या टीमशी हरलो. त्याचं मला फारसं काही वाटलं नाही, कारण यादी त्यानंतर वाचणार होते आणि तिच्यासाठी मुक्कामाच्या सगळ्याच टीम थांबल्या होत्या. बारा नावं. निवडणाऱ्यांपैकी एक बाई माइकवर आल्या. आधी शहरातल्या आठ जणी झाल्या. मग हरसूलची कॅप्टन. तिच्या टीमने असा गोंगाट केला की बाईंना थांबावं लागलं. मग येवल्याची एक. मग आमची सेंटर, आणि मी बोटं तोंडात घालून शिट्टी मारली. आता एकच जागा उरली होती, गार्डची. मी टी-शर्टच्या बाह्या खाली ओढल्या, पुढे जावं लागेल म्हणून.

बाईंनी देवळ्याच्या सात नंबरचं नाव वाचलं.

मी टाळ्या वाजवल्या. सगळे वाजवत होते, हात आपोआप चालतात. आधीच्या यादीत बाहेरची एखादीच असायची, यंदा चार होत्या, आणि माझ्या आजूबाजूला सगळं मैदान नाचत होतं. सर माझ्याजवळ आले आणि म्हणाले, "तुझं थोडक्यात राहिलं." थोडक्यात म्हणजे किती, हे मी त्यांना विचारणार होते. पण त्याच वेळी मला दुसरंच काहीतरी कळलं आणि ते इतकं सरळ होतं की मी टाळ्या वाजवायची थांबले. जुन्या ड्रॉने खेळलो असतो तर पहिल्याच फेरीत आम्ही देवळ्याला हरवलं असतं. ती पहिल्याच दिवशी चारच्या गाडीने घरी गेली असती. त्या तीन खुर्च्यांनी तिला कधी पाहिलंच नसतं, आणि गार्ड म्हणून समोर मी एकटी उरले असते. माझी जागा मी स्वतःच्या हाताने चिठ्ठीवर लिहून तिला दिली होती.

गाडी अर्थात एकच. चारची. मी मागच्या सीटवर जाऊन बसले, म्हणजे कोणी येणार नाही. ती आली. शेजारी बसली आणि एकटी असल्यासारखी स्वतःशी म्हणाली, "मनं नाव शे यादीमा." मग माझ्याकडे बघितलं. "खरं शे ना?"

"खरं शे," मी म्हणाले. गाडीत आम्ही दोघी मध्येच आपोआप घरच्या अहिराणीवर येतो.

पिंपळगाव गेलं, चांदवड गेलं. ती बोलतच होती. कॅम्पला काय काय न्यायचं, बूट नवे घ्यावे लागतील का, बाबा सोडतील का. मध्येच थांबून म्हणाली, "आमचे सर सांगत होते, यंदा ड्रॉ बदलला म्हणून आपण पहिल्या दिवशी समोर आलो नाही. मीटिंगमध्ये कोणीतरी पोरगी भांडली म्हणे. कोण होती गं?"

मला खोटं बोलता आलं असतं. माहीत नाही म्हणाले असते तर विषय तिथेच संपला असता. पण मला इतका राग आला होता, आणि तो तिच्यावर नव्हता, सरांवर नव्हता, कोणावरच धड नव्हता.

"मी," मी म्हणाले.

तिलाही हिशेब कळायला वेळ लागला नाही, गार्डच होती ती. तिचा चेहरा हळूहळू बदलत गेला. तिने काहीतरी बोलायला तोंड उघडलं, बहुतेक सॉरी म्हणणार होती.

"ते बोलू नकोस," मी म्हणाले. "आणि तिकडे जाऊन बेंचवर बसलीस ना, तर देवळ्याला येऊन तुझे पाय मोडीन."

तिने मान हलवली. मग माझा हात धरला आणि देवळ्यापर्यंत सोडला नाही. स्टँडवर तिचे बाबा उभे होते. ती उतरली आणि खालून खिडकीकडे बघत राहिली. मी हात केला. गाडी निघाली.

पुढे सटाण्याला मॅडमनी आधीच फोन केला होता. फायनलपर्यंत गेलो म्हणून कॉलेजची पोरं गुलाल घेऊन स्टँडवर येणार होती, आई-बाबाही येणार होते, आणि कॅप्टनला सगळ्यांत पुढे उतरायचं होतं. देवळा ते सटाणा अर्ध्या तासाचा रस्ता. रडायला माझ्याकडे तेवढाच वेळ होता, आणि मी तो सगळा वापरला.